पाच जणांच्या घरातून गहू गेला: फोंडा तालुक्यातील एक प्रकरण

एका ६८ वर्षांच्या आजींची एचबीए१सी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, वर्षभरात ७.१ वरून ८.६ वर गेली. गोळ्या त्याच होत्या आणि सकाळचे देवळापर्यंतचे चालणेही सुटलेले नव्हते. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी आहार तपासून घेण्यासाठी त्यांना माझ्याकडे पाठवले. मी सवयीप्रमाणे आधी रात्रीच्या जेवणाविषयी विचारले, कारण गोव्यातल्या मधुमेही माणसाच्या घरात दुपारी शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, आणि रात्री दोन चपात्या ही वाटणी आता इतकी पक्की झाली आहे की ती मोडली असेल तर साखर वाढण्याचे कारण बहुधा तिथेच सापडते. आजी म्हणाल्या, ‘‘चपाती घरात होतच नाही आता. नातीला गहू बाधतो, म्हणून आम्ही सगळ्यांनीच सोडला.’’

आजींच्या साखरेचे उत्तर या वाक्यात होते, पण त्याच वाक्यातून दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न पुढे आला. घरात पाच माणसे होती: आजी, कुंडई औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा त्यांचा ४१ वर्षांचा मुलगा, ३६ वर्षांची सून, ११ वर्षांची नात आणि ६ वर्षांचा नातू. पाचही जण दहा महिने गव्हाशिवाय राहत होते. निदान मात्र पाचांपैकी एकीचेच झालेले होते. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी येथे दिलेले नाहीत.

नातीचे निदान

नातीची उंची दोन वर्षे जवळजवळ थांबली होती, पोट सारखे फुगलेले असे, तोंड वरचेवर येई आणि लोहाची औषधे सहा-सहा महिने देऊनही हिमोग्लोबिन नऊच्या वर चढत नव्हते. मे २०२३ मध्ये एका बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घेतली. तो आकडा सामान्य मर्यादेच्या दहा पटींहून अधिक निघाला, पुढे दुर्बिणीतून लहान आतड्याचे तुकडे घेऊन तपासले गेले आणि सिलिअ‍ॅक आजाराचे निदान पक्के झाले. या आजारात गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनांना शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकीचा प्रतिसाद देते आणि त्या भरात लहान आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. अन्न शोषून घेणारी जागाच कमी झाल्यामुळे लोह पोटात जाते, पण रक्तात उतरत नाही. आजारावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर आणि काटेकोरपणे टाळणे एवढाच उपचार आहे.

निदानाला दोन वर्षे लागली याचा दोष मी कोणाला देत नाही. भारतात हा आजार प्रामुख्याने गहू खाणाऱ्या उत्तरेकडचा मानला जातो आणि त्याला आधारही आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तेवीस हजारांहून अधिक निरोगी प्रौढांच्या पाहणीत या आजाराची प्रतिपिंडे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीने रक्तात तयार केलेली विशिष्ट प्रथिने, उत्तर भारतात १.२३ टक्के लोकांत आढळली, दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत. भाताच्या मुलखात रक्त कमी झालेली मुलगी समोर आली की डॉक्टरांच्या मनात आधी जंत आणि अपुरा आहार येणार, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्याच पाहणीत असेही दिसले की आजाराला आवश्यक असलेली जनुके दक्षिणेतही साधारण तेवढ्याच, म्हणजे सुमारे एक तृतीयांश लोकांत असतात. जनुके सारखी आणि गहू वेगळा, असा तो फरक होता. आता गोव्यातही सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, दहा वाजता बिस्किटे, संध्याकाळी खारी आणि रात्री चपाती असे दिवसातून चार वेळा गहू खाणारे घर विरळा राहिलेले नाही. या घरात तर सुनेचे माहेर इंदूरच्या मराठी कुटुंबातले. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी ‘‘पोळी आणली आहे’’ म्हटले तेव्हा तिने तव्यावरची समजून ताट पुढे केले आणि हातात आली ती पोदेराची कोंड्याची पोई, म्हणजे पावच. दोन्ही बाजूंची पोळी अखेर गव्हाचीच होती.

सगळ्यांनी सोडण्याचा निर्णय

निदानानंतर आठवड्याभरात घराने ठरवले की स्वयंपाकघर एकच आहे, तर पीठही एकच राहू दे. हा निर्णय अविचारी नव्हता. सिलिअ‍ॅक असलेल्या व्यक्तीच्या पोटात दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन जाऊ नये असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एका मध्यम चपातीत सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे त्याच्या अडीचशे पट ग्लुटेन असते. त्यामुळे एकाच पोळपाटावर आधी चपाती आणि मग भाकरी, किंवा रव्यात घोळवलेले बांगडे ज्या तेलात तळले त्याच तेलात मुलीचा पापड, एवढ्यानेही मर्यादा ओलांडली जाते. घरातून गहूच काढून टाकला की हे सगळे प्रश्न मिटतात. शिवाय आजींना नातीला वेगळे ताट वाढणे मनापासून नकोसे होते. त्या वर्षीच्या चवथीला त्यांनी मैद्याच्या नेवऱ्या (करंज्या) केल्या नाहीत. पातोळ्या आणि मोदक तांदळाच्या पिठाचेच असल्यामुळे नैवेद्यात फारसे उणे राहिले नाही, असे त्यांनी मला अभिमानाने सांगितले.

अडचण अशी की या निर्णयाआधी एक काम राहून गेले होते आणि ते कागदावर लिहिलेले होते. नातीच्या फाइलमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या डिस्चार्जच्या कागदाच्या तळाशी, इंग्रजीत एक ओळ होती: सख्ख्या नातेवाइकांची तपासणी करून घ्यावी. आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यात हा आजार असण्याची शक्यता सर्वसामान्य लोकांपेक्षा कितीतरी अधिक, साधारण दहांत एक इतकी धरली जाते आणि त्यांतल्या कित्येकांना त्रास जाणवतही नाही. ती ओळ घरात कोणी वाचली नव्हती, किंवा वाचली असली तरी तिचा अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता. मी ती वाचली तेव्हा दहा महिने उलटले होते आणि तपासणी करायला लागणारी मूळ गोष्टच, पोटातला गहू, घरात उरली नव्हती.

टीटीजी-आयजीएची चाचणी ग्लुटेनला शरीराने दिलेला प्रतिसाद मोजते. ग्लुटेन बंद केले की प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, आतड्याचे अस्तर भरून येते आणि काही महिन्यांनी आजारी माणसाचा अहवालही निरोगी माणसासारखा दिसू लागतो. चूल विझवून भांडे गार झाल्यावर आच किती होती हे भांड्याला हात लावून कळत नाही.

दहा महिन्यांत कोणाला काय वाटले

सुनेला सर्वाधिक फरक पडला होता. लग्नाआधीपासून तिचे पोट फुगत असे, थकवा कायमचा होता, हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे साडेनऊच्या आसपास राही आणि त्याचे खापर प्रत्येक वेळी मासिक पाळीवर फोडले जाई. गहू सोडल्यावर लोहाच्या गोळ्या न घेताही ते ११.९ झाले. तिने कोठेतरी ऐकून सातव्या महिन्यात स्वतःच प्रयोगशाळेत जाऊन टीटीजी-आयजीए करून घेतली होती. ती सामान्य आली. त्यावरून तिने निष्कर्ष काढला की आपल्याला सिलिअ‍ॅक नाही, आपल्याला गहू नुसता ‘सोसत नाही’. हा निष्कर्ष तिने वागण्यातही उतरवला होता. घरात गहू नव्हता, पण लग्नात केकचा तुकडा, शेजारच्या नेवरीचा अर्धा भाग, प्रवासात एखादी पुरी एवढे ती खात असे, कारण मुलीसारखा आजार आपल्याला नाही असा तिचा समज होता. या प्रकरणातली सर्वांत घातक गोष्ट मला हीच वाटली, कारण तिचा खरा आकडा कोणालाच ठाऊक नसताना तिच्या हातात एक दिलासा देणारा कागद होता.

तिच्या नवऱ्याचे सहा किलो वजन उतरले होते आणि जेवणानंतरचे पोट फुगणे कमी झाले होते. नातवाला आधीही काही त्रास नव्हता आणि नंतरही नव्हता. आजींचे पोट उत्तम होते, साखर तेवढी वाढली होती.

आजींचा प्रश्न सर्वांत सोपा होता, म्हणून तो आधी संपवते. चपाती साखरेला फार हितकर असते अशातला भाग नाही. चपाती मोजून खाल्ली जाते आणि भात मोजला जात नाही, हा खरा फरक. रात्री दोन चपात्यांच्या जागी उकड्या तांदळाचे शीत आले तेव्हा ते ताटात पडेल तेवढे खाल्ले गेले. भरीला, नातीसाठी आणलेली ‘ग्लुटेनमुक्त’ बिस्किटे आणि ब्रेड आजीही पथ्याचे समजून खात. असे पुष्कळसे पदार्थ तांदूळ, मका, टॅपिओका यांच्या पिष्टाचे असतात आणि त्यांत तंतू फारच थोडे असतात. पाकिटावरच्या त्या शब्दाचा अर्थ भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नाही एवढाच होतो; मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. रात्री मोजून एक नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, कुळथाचे कढण, भाजी आणि दुपारी एका वाटीत मोजलेला भात एवढ्यावर त्यांची एचबीए१सी सहा महिन्यांत ७.४ झाली. नातीच्या सिलिअ‍ॅकमुळे त्यांची तपासणी करायला हरकत नव्हती, पण तसे लक्षण एकही नव्हते आणि त्यांनीच नको म्हटले.

नाचणीच्या भाकरीने मात्र एक भलताच उलगडा केला. नातीचा टीटीजीचा आकडा खाली आला असला तरी दहा महिन्यांनंतरही मर्यादेच्या तिप्पट होता आणि घरात गव्हाचा कण नसताना तो का उतरत नाही हे कोणाला कळत नव्हते. मी पीठ कोठून आणता असे विचारले. नाचणी आणि तांदूळ गावातल्या गिरणीत दळले जात होते, त्याच जात्यावर, आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हानंतर. गिरणीवाल्याचा त्यात काहीच दोष नव्हता. गिरणी अशीच चालते. दुसरी गळती हिंगाची. बाजारातला बांधणीचा हिंग शुद्ध डिंक नसतो, त्यात पीठ मिसळलेले असते आणि ते बऱ्याचदा गव्हाचे असते. सगळे घर गहू सोडून बसले होते आणि मुलीच्या रोजच्या आमटीत तो चिमटीने पडत होता. कुटुंबाने घरघंटी घेतली, तांदळाच्या पिठाचा हिंग शोधला आणि पुढच्या सहा महिन्यांत नातीचा आकडा मर्यादेच्या आत आला.

वडील

आई-वडिलांपैकी तपासणीचा मार्ग वडिलांपासून सुरू करावा असे मी आणि पोटविकारतज्ज्ञांनी मिळून ठरवले. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची चाचणी आहारावर अवलंबून नसते. गहू सोडून दहा वर्षे झाली तरी ती तेच उत्तर देते. ही जनुके असणे म्हणजे आजार असणे नव्हे, कारण ती असलेल्या बहुसंख्य लोकांना सिलिअ‍ॅक कधीच होत नाही. ती दोन्ही नसली तर मात्र सिलिअ‍ॅक जवळजवळ नाकारता येतो. वडिलांत दोन्ही नव्हती. नातीत डीक्यू२ होते, तेव्हा ते आईकडूनच आले असणार हे ओघानेच आले आणि आईच्या जनुकचाचणीचे काही हजार रुपये वाचले.

मग वडिलांचे पोट कशाने सुधारले? वजनाचे कोडे फारसे गूढ नव्हते. त्यांच्या दिवसातून कंपनीच्या कँटीनमधली खारी-बिस्किटे, न्याहारीचे चार पाव आणि शनिवारची बिअर गेली होती. पोट फुगण्याबद्दल मात्र त्यांची ठाम खात्री होती की आपल्याला ग्लुटेन सोसत नाही. अशी संवेदनशीलता असणाऱ्या लोकांबद्दल वैद्यकात अजून वाद आहेत. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्लुटेन सोसत नाही असे सांगणाऱ्या ३७ जणांना आधी आतड्यात आंबून वायू करणाऱ्या शर्करा कमी असलेला आहार दिला आणि मग नकळत ग्लुटेन दिले, तेव्हा ग्लुटेनचा असा वेगळा परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये नॉर्वेतील अभ्यासकांनी ५९ जणांना ग्लुटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेला नमुना असे तीन प्रकार आळीपाळीने दिले. त्रास अधिक झाला तो फ्रुक्टानने. फ्रुक्टान या अशाच वायू करणाऱ्या शर्करा; त्या गव्हात असतात, तसेच कांद्यात आणि लसणातही असतात.

सिलिअ‍ॅक नाकारला गेल्यामुळे वडिलांवर छोटा प्रयोग करण्यात धोका नव्हता. त्यांच्या भावाच्या घरी नाचणीचे लाडू दोन प्रकारचे करून घेतले. एकात बेकरीच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी ग्लुटेनची भुकटी मोजून घातली, दुसऱ्यात नाही. दोन्ही डब्यांवर फक्त ‘अ’ आणि ‘आ’ लिहिले, कोणत्या डब्यात काय आहे तो कागद पाकिटात बंद करून आजींच्या ताब्यात दिला आणि सात-सात दिवस, मध्ये आठवड्याची विश्रांती ठेवून, त्यांनी ते कामावर खाल्ले. रोज संध्याकाळी पोटाला शून्य ते दहा गुण द्यायचे. मुलाने दोनदा विचारूनही आजींनी पाकीट उघडले नाही, याची नोंद करायलाच हवी. उघडले तेव्हा दिसले की अधिक त्रास त्यांनी ग्लुटेन नसलेल्या आठवड्यात नोंदवला होता. एका माणसाच्या दोन आठवड्यांवरून विज्ञान सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे, पण त्या माणसाची समजूत तपासायला एवढे पुरते. त्याच त्रासाच्या आठवड्यात त्यांनी तीन दिवस कांद्याची भजी खाल्ली होती. आता ते बाहेर दोन चपात्या किंवा एक उंडो (पोदेराचा गोल पाव) बिनतक्रार खातात आणि चार पावांवर कांद्याची भाजी घेतली तर पोट फुगते हे त्यांना ठाऊक आहे.

आई

सुनेचा पहिला प्रश्न रोखठोक होता. ‘‘मॅडम, सोडल्यावर मला बरे वाटते. आणखी पुरावा कशाला हवा?’’ हा प्रश्न फेटाळण्यासारखा नाही. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध ज्यांनी पक्का केला त्या विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांच्या निरीक्षणातही बरे वाटणे होतेच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा सिलिअ‍ॅक असलेली मुले सुधारली. पण पाव परत आला आणि मुले पुन्हा आजारी पडली, या दुसऱ्या अर्ध्यानेच तो पुरावा पुरा झाला. सुनेकडे पहिला अर्धाच होता, आणि नेमका तेवढा तर तिच्या नवऱ्याकडेही होता.

शिवाय निदानाचा उपयोग नावापुरता नसतो. सिलिअ‍ॅक असेल तर केकचा तुकडाही चालत नाही, हाडांची घनता तपासावी लागते, थायरॉइडवर लक्ष ठेवावे लागते आणि तिच्या माहेरच्या भावंडांना तपासणी करा असे सांगणे भाग पडते. नसेल तर एवढ्या कडक पथ्याची बेडी तिने आयुष्यभर वागवण्याचे कारण नाही. तपासणीसाठी काही आठवडे पुन्हा गहू खाणे हाच मार्ग होता. तो पोटविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा, घरच्या घरी करू नये, हे तिला मी पुन्हा पुन्हा सांगितले.

ठरले ते असे: दिवसाला सुमारे १० ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे साधारण चार चपात्या, सहा ते आठ आठवडे. स्वयंपाकघरात गहू आणायचा नव्हता. एप्रिलमध्ये मुलांना सुट्टी लागल्यावर तिने पोदेराकडून पाव घ्यायला सुरुवात केली आणि बाहेरच्या पडवीत, वेगळ्या ताटलीत, दिराच्या घरून आलेल्या चपात्यांबरोबर ती ते खाऊ लागली. खाऊन झाले की पडवी पुसायची, हात धुवायचे, मगच आत यायचे. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की मुलगी खिडकीत उभी राहून पाहत असे आणि आई पाव खाताना रडवेली का होते हे तिला कळत नसे.

चौथ्या दिवशी पोट फुगले, नवव्या दिवशी जुलाब सुरू झाले, सोळाव्या दिवशी तोंड आले आणि तिने आता पुरे म्हटले. तज्ज्ञांनी मात्रा उतरवून दिवसाला एक उंडो, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम ग्लुटेन, एवढ्यावर आणली. तेवढे तिने कसेबसे सहा आठवड्यांपर्यंत निभावले. रक्ततपासणीत आकडा मर्यादेच्या किंचित वर आला. आतड्याच्या तुकड्यांत पांढऱ्या पेशींची दाटी दिसली, पण उंचवटे झिजलेले नव्हते. यालाच निदान म्हणावे की नाही यावर दोन तज्ज्ञांचे मत पूर्ण जुळले नाही. आणखी दोन महिने गहू खाल्ला असता तर चित्र कदाचित स्पष्ट झाले असते. ते सोसण्याची तिची तयारी नव्हती आणि तिला त्यासाठी भरीस घालणे मला योग्य वाटले नाही. डीक्यू२, मुलीचा आजार, रक्तातला तो किंचित वर चढलेला आकडा आणि सुधारलेले हिमोग्लोबिन हे सगळे एकत्र धरून तज्ज्ञांनी तिला सिलिअ‍ॅक आहे असे समजूनच पथ्य आणि पाठपुरावा सांगितला. फाइलवर निदानापुढे ‘संभाव्य’ हा शब्द राहिला.

तिची इंदूरची धाकटी बहीण या साऱ्याच्या मधोमध आली. तिलाही वर्षानुवर्षे रक्त कमी असण्याचा त्रास होता आणि ताईला गहू सोडून बरे वाटले म्हणून पुढच्या सोमवारपासून तीही सोडणार होती. पडवीतल्या त्या सोळाव्या दिवशीच सुनेने हे मला सहज बोलता बोलता सांगितले. माझ्यासमोरच तिने फोन लावला. ‘‘सोमवारी गहू सोडू नकोस. आधी रक्त देऊन ये. मी जे केलं ते करू नकोस.’’ बहीण रोज सहा पोळ्या खाणारी. तिचा टीटीजीचा आकडा मर्यादेच्या बारा पट निघाला, तुकड्यांच्या तपासणीत उंचवटे सपाट दिसले आणि पहिल्या रक्ततपासणीपासून पक्क्या निदानापर्यंत अकरा दिवस लागले. थोरल्या बहिणीने त्याच उत्तरासाठी दीड महिना त्रास सोसला होता आणि तिला ते मिळालेही नाही.

नातू

नातवाबाबत घाई नव्हती, पण चालढकलही परवडणारी नव्हती. त्याच्यात डीक्यू२ निघाले. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर त्याच्या डब्यात पुन्हा चपात्या आल्या. त्या काकांच्या घरी होत आणि शाळेतच संपत. डबा घरी न उघडता बाहेरच्या नळावर धुतला जाई. आजींना हे मनातून पटले नाही. एक नातवंड वेगळे खाते म्हणून सगळ्यांनी सोडले होते, आता दुसऱ्याला मुद्दाम वेगळे खायला घालायचे, हा त्यांच्या दृष्टीने उफराटा न्याय होता. त्यांची समजूत मला घालता आली नाही. ती नातवानेच घातली. शाळेत सगळ्यांसारखा डबा मिळतो म्हणून तो खूश होता. ऑक्टोबरमध्ये, चार महिने रोज गहू खाल्ल्यावर, त्याची टीटीजी-आयजीए सामान्य आली. या वेळी त्या ‘सामान्य’ शब्दाला अर्थ होता.

तो अर्थ कायमचा नव्हे. जनुके असलेल्या मुलाला आजार पुढेही होऊ शकतो, म्हणून उंची-वजनाची नोंद दर सहा महिन्यांनी आणि रक्ततपासणी दोन-तीन वर्षांनी पुन्हा करायची आहे. स्वयंपाकघर नातीसाठी आणि आईसाठी गव्हाविना आहे आणि तसेच राहील. वडील आणि नातू गहू बाहेर खातात. नातवाची पुढची तपासणी ऑक्टोबर २०२६ मध्ये आहे. ती तारीख आईने मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवली आहे आणि तिच्याखाली मराठीत लिहिले आहे: तोपर्यंत चपाती बंद करायची नाही.